चावणारा घोडा आधी तपासावा, मग त्याला वळण लावावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम सुरू झाला की माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी अशा ठिकाणांहून घोड्याने पर्यटकाच्या दंडाला चावा घेतल्याच्या किंवा लाथ मारून कुणाला जायबंदी केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यावर उमटणाऱ्या प्रतिक्रिया साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. काही जण घोडे कायमचे बंद करा म्हणतात, तर काही जण घोडा माजला आहे, त्याला चांगला झोडपून काढल्याशिवाय तो वठणीवर यायचा नाही असे सांगतात. नोकरीच्या काळात पशुवैद्यक म्हणून तट्टे, लग्नाच्या घोड्या आणि धनगरांच्या तांड्यांतील ओझ्याची घोडी मी सातत्याने तपासली आहेत आणि त्या अनुभवावरून मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. चावण्याची आणि लाथ मारण्याची खोड बहुतेक घोड्यांच्या बाबतीत सुधारता येते. मात्र त्यासाठी आधी दुखणे शोधावे लागते, नंतर खाण्यापिण्याची आणि हाताळणीची पद्धत बदलावी लागते आणि त्यानंतरच वळण लावण्याचे काम हाती घ्यावे लागते. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. चाबूक प्रथम निघतो आणि तपासणी बहुधा होतच नाही.

घोडा हा मुळात कळपाने राहणारा आणि धोका दिसताच पळणारा प्राणी आहे. पळायला वाट नसेल तेव्हाच तो दात आणि टाच वापरतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. दिसत नाही ती थेट शेपटीमागची जागा आणि अगदी कपाळासमोरची व नाकाखालची जागा. पर्यटक नेमके या दोन ठिकाणीच जाऊन उभे राहतात. एक जण छायाचित्रासाठी तोंडाला तोंड भिडवतो आणि दुसरा मागून वळसा घालून येतो. शिवाय घोडा सहसा बेसावध गाठत नाही. कान मागे टाकून मानेला चिकटवणे, नाकपुड्या आवळणे, शेपूट झटकणे, मागचा एक पाय हलका करून भार दुसऱ्या पायावर घेणे, पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, आपल्या दिशेला वळवणे या सगळ्या त्याने आधी दिलेल्या सूचना असतात. त्या वाचणारा माणूस जवळ असला तर अपघात टळतो. वारंवार मार खाल्लेला घोडा मात्र हळूहळू या सूचना देणेच सोडून देतो, कारण कान मागे टाकल्याबद्दलही त्याला फटका बसलेला असतो. असा घोडा एकदम चावतो आणि मग तो कपटी ठरतो.

एका थंड हवेच्या ठिकाणी नुकताच पाहिलेला प्रसंग सांगतो. एका अबलख घोडीवर खोगीर चढवणे चालू होते. चालकाने तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, हातात घेतला, तेव्हाच तिने कान मागे टाकले. त्याने गुडघा तिच्या पोटाला लावून एका झटक्यात तंग आवळला, तशी तिने मान वळवून त्याच्या खांद्याच्या दिशेने दात नेले आणि त्याने कोपराने तिच्या नाकाडावर जोरात हाणले. भोवतीची मंडळी हसली. ओळख सांगून मी खोगीर काढायला लावले. घोडी सकाळपासून काम करून घामाने भिजली होती, पण मान आणि पाठ जिथे मिळतात त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग होते आणि त्यांच्या कडेने पांढऱ्या केसांचे ठिपके उगवले होते. दाब एकाच जागी सतत पडत राहिला की तिथे घाम सुटत नाही, आणि जुनी जखम भरून निघाली की तिथले केस पुष्कळदा पांढरे येतात. बोटांच्या टोकांनी हलकेच दाबले तरी ती पाठ खाली घेत होती. खोगिराच्या आतला भरणा दबून गेला होता आणि त्याची लाकडी कमान थेट त्या उंचवट्यावर टेकत होती. ही घोडी चावरी नव्हती. तिची पाठ दुखत होती आणि तंग आवळला की ते दुखणे वाढणार, हे तिला ठाऊक झाले होते.

म्हणून माझा आग्रह असा की, कोणताही घोडा चावू किंवा लाथा झाडू लागला, विशेषतः आधी शांत असलेला घोडा अचानक तसा वागू लागला, तर पहिले काम खोगिराखाली हात फिरवून पाहण्याचे आहे. पाठीनंतर तोंड पाहावे. घोड्याचे दात आयुष्यभर थोडेथोडे वर येत राहतात आणि चघळण्याने झिजत जातात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजायच्या राहतात व त्यांना धार येते. दिवसभर गवत चरणाऱ्या जनावराचा जबडा आडवा फिरत राहतो आणि ही धार कमी येते. चंदी-भरड्यावर, म्हणजे धान्याच्या खुराकावर पोसलेल्या, उभ्या उभ्या बांधलेल्या घोड्यात ती जास्त येते. गालाच्या आतल्या बाजूला मग व्रण पडतात, त्यावर लगामाचा ताण येतो आणि घोडा मान झटकू लागतो, तोंडाजवळ हात आला की चावतो. अर्धवट चघळलेल्या वैरणीचे गोळे जमिनीवर पडणे, मान एका बाजूला कलती करून खाणे, शेणात अख्खे दाणे दिसणे या खुणा दिसल्या तर दाढा तपासून घेतल्या पाहिजेत. कानशीने कडा घासून देण्याचे काम प्रशिक्षित पशुवैद्यक थोड्या वेळात करतो आणि ते वर्षातून किमान एकदा व्हायला हवे.

पोटाचे दुखणे तर पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. माणसाच्या जठरात आम्ल मुख्यतः अन्नाच्या वेळी वाढते. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास पाझरत असते, कारण निसर्गाने त्याला दिवसाचे सोळा-सोळा तास चरत राहण्यासाठी घडवले आहे. त्याची लाळ मात्र चघळतानाच सुटते. त्यामुळे चार-सहा तास उपाशी राहिलेल्या घोड्याच्या पोटात आम्ल असते आणि ते शमवणारी लाळ व वैरणीचा थर नसतो. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक आवरण जवळजवळ नसल्याने तिथे व्रण होतात, आणि तंग आवळताना, खरारा करताना किंवा पोटाला टाच लागताच घोडा मान फिरवून चावायला येतो. ‘फेरीला निघण्याआधी खायला घालू नये’ असा समज घोडेवाल्यांमध्ये दृढ आहे. तो चंदीपुरता बरोबर आहे, वैरणीपुरता नाही. पोटभर हरभरा किंवा भरडा खाऊन घोड्याला लगेच दौडवू नये हे खरे. परंतु दोन मुठी वाळलेले गवत किंवा कडबाकुट्टी कामाआधी आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दिल्याने काही बिघडत नाही, उलट पोटाला आधार मिळतो. अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला चार ते पाच किलो कोरडी वैरण लागते आणि ती दोन वेळांत उरकण्यापेक्षा दिवसभर विभागून दिली तर त्याच्या स्वभावात काही आठवड्यांत फरक दिसतो.

लाथांच्या बाबतीत पाय, खूर आणि सांधे पाहावे लागतात. वय झालेल्या घोड्याचा मागचा पाय नालबंदाने फार उंच किंवा फार बाहेर ओढला तर सांध्यात कळ येते आणि तो पाय हिसडून घेतो. त्यावर मार मिळाला की पुढच्या वेळी तो पाय उचलण्याआधीच लाथ मारतो. पाय खालच्या पातळीवर, शरीराच्या सरळ रेषेत धरून, मध्ये मध्ये टेकू दिला तर हीच घोडी मुकाट्याने नाल ठोकून घेतात. माजावर आलेली घोडी, शिंगराला पाजणारी घोडी, गोमाशांनी हैराण झालेला घोडा यांच्या लाथांचे कारण उघड असते, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

यातल्या काही गोष्टी केवळ सल्ल्याच्या नाहीत, कायद्याच्या आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे आणि ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी त्याखाली 1965 मध्ये नियम झाले. त्या नियमांनुसार अणकुचीदार काटे असलेला लगाम वापरता येत नाही. खोगिराची कमान आणि मान-पाठ मिळतात तो उंचवटा यांच्यामध्ये पुरेशी मोकळी जागा असल्याशिवाय घोड्यावर खोगीर घालता येत नाही. अशा जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. आणि तापमान 37 अंशांच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला कामाला जुंपता येत नाही. साठ वर्षे जुने हे नियम किती जणांना माहीत आहेत? काटेरी लगाम आजही लग्नाच्या घोड्यांच्या तोंडात दिसतात. ओठांच्या कोपऱ्यात जखम असलेल्या घोड्याने तोंडाशी आलेला हात चावला, तर त्यात त्याची खोड कसली?

दुखणे नाही याची खात्री झाल्यावर जी खोड उरते, ती बहुधा माणसानेच लावलेली असते. शिंगरू दोन-तीन महिन्यांचे असताना खेळताखेळता माणसाचे बोट किंवा सदरा ओठात धरते. ते गोड दिसते, म्हणून घरातले सगळे त्याच्याशी तोंडाने खेळतात, नाक ढकलतात, गाल थोपटतात. कळपात तेच शिंगरू आईला किंवा दुसऱ्या घोडीला चावले असते तर तत्काळ एक चपराक खाऊन शहाणे झाले असते. सहा महिन्यांचे होईपर्यंत ज्याला आई आणि इतर घोड्यांची संगत मिळते, ते ही मर्यादा आपोआप शिकते. आई मेल्यामुळे बाटलीवर वाढवलेली किंवा फार लवकर तोडलेली शिंगरे पुढे सर्वांत त्रासदायक निघतात, कारण माणूस हा आपल्यासारखाच खेळगडी आहे असे ती समजतात. त्याच्या जोडीला हातावर गूळ, चणे, बिस्किटे, गाजरे भरवण्याची सवय येते. खिशाला हुंगणारा घोडा काही दिवसांत खिसा ओढू लागतो, आणि खिशात काही नसले की हात चावतो. पर्यटनस्थळी रोज येणारे नवे लोक ही सवय पक्की करतात. तेव्हा चावऱ्या घोड्यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे: हातावर भरवणे पूर्ण बंद. जे द्यायचे ते घमेल्यात किंवा तोबऱ्यात, घोडा शांत उभा असताना.

यानंतर प्रत्यक्ष वळण. घोड्याला शिक्षेचा संबंध त्याच क्षणाच्या कृतीशी जोडता येतो. चावून झाल्यावर चार पावले पळून चाबूक आणला आणि मारले, तर चाबूक घेऊन येणारा माणूस धोकादायक असतो एवढेच तो शिकतो. म्हणून उत्तर त्याच सेकंदात मिळाले पाहिजे, आणि एवढ्या जलद फक्त आपल्या उभे राहण्याची जागा आणि मोहरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवतीच्या बंधाची, दोरी उत्तर देऊ शकते. घोड्याच्या तोंडासमोर न राहता डाव्या खांद्यालगत उभे राहावे, दोरी हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरावी आणि त्या हाताचे कोपर घोड्याच्या तोंडाच्या बाजूला थोडे पुढे असू द्यावे. दात घेऊन मान वळली की ती त्या स्थिर कोपरावर आदळते. आपण मारलेले नसते. त्याने स्वतःच अडथळ्याला धडक दिलेली असते, आणि हा फरक घोड्याला नीट समजतो. त्याच वेळी एकच ठाम शब्द उच्चारून त्याला झपझप चार-पाच पावले मागे हटवावे. घोड्यांच्या समाजात जो दुसऱ्याला जागेवरून हलवतो तो वरचढ मानला जातो, त्यामुळे मागे हटवण्याचा परिणाम फटक्यापेक्षा खोल होतो. आणि मग ताबडतोब राग संपवावा. हात सैल सोडावा, जिथे काम थांबले होते तिथूनच ते शांतपणे पुढे सुरू करावे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकते. घोडा चावला म्हणून तंग आवळायचे सोडून दिले, पर्यटक घाबरून दूर झाला, घोड्याला परत तबेल्यात बांधले, तर चावल्याने सुटका होते हा धडा त्याला मिळतो आणि पुढच्या वेळी तो आधीच चावतो. याउलट नाकाडावर हाणत राहिले तर घोडा हातालाच बुजतो. मग लगाम घालताना मान छताला लावतो, कानाला हात लावू देत नाही, आणि मारणाऱ्याचा हात कधी रिकामा आहे हे हेरून अधिक वेगाने चावायला शिकतो. तोंडावर मारणे म्हणूनच पूर्णपणे वर्ज्य असावे. तंगाबाबत एक सोपी रीत आहे: पहिल्यांदा फक्त टेकेल इतपत लावावा, घोड्याला दहा-वीस पावले चालवावे, मग एक भोक आवळावा, पुन्हा चालवावे आणि स्वार बसण्याआधी शेवटचे भोक घ्यावे. यात तीन-चार मिनिटे अधिक जातात. वर सांगितलेल्या घोडीची पाठ बरी झाल्यावर तिच्याबाबत एवढाच बदल पुरेसा ठरला असे मला तिच्या मालकाने नंतर कळवले.

लाथेचे वळण वेगळ्या पद्धतीने लावावे लागते, कारण तिथे माणसाने धोक्याच्या टप्प्यात उभेच राहायचे नसते. लांब वेताच्या काठीला मऊ फडके गुंडाळावे. एका माणसाने मोहरकी धरावी आणि काठी धरणाऱ्याने त्याच बाजूला, घोड्याच्या खांद्याशी उभे राहावे. डोके आपल्याकडे ओढले की पुठ्ठा आपोआप पलीकडे जातो, त्यामुळे दोघे एकाच बाजूला असणे सुरक्षित असते. काठीने खांद्यापासून सुरुवात करून पाठ, बरगड्या, पोट, पुठ्ठा, मांडी आणि मागच्या पायाचा सांधा असे क्रमाक्रमाने, खरारा केल्यासारखे चोळत जावे. एखाद्या जागी घोडा पाय उचलेल, झाडेलही. त्या वेळी काठी मागे घेऊ नये आणि जोरही लावू नये. तिथेच हलकी टेकवून ठेवावी, आणि पाय जमिनीवर टेकून शांत होताच काढून घ्यावी. पाय झाडताना काठी काढली तर पाय झाडणे शिकवले जाते, पाय टेकल्यावर काढली तर उभे राहणे शिकवले जाते. सगळे मर्म या एका क्षणात आहे. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे, न चिडता, हे काम केले तर बहुतेक तट्टे दोन-तीन आठवड्यांत मागच्या पायाला हात लावू देतात. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर, बांधण्याची आपली जुनी पद्धत घोडा एका जागी राखण्यासाठी किंवा उपचारापुरती ठीक आहे, पण पिछाडीने जखडलेला घोडा काही शिकत नाही. सुटल्यावर तो पूर्वीसारखाच असतो.

सवयीने घोडा केवढा शांत होऊ शकतो हे महाराष्ट्र दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. पालखी सोहळ्यासाठी अंकलीहून आळंदीला येणारे शितोळे सरकारांचे अश्व टाळ-मृदंगांच्या गजरात, हजारोंच्या गर्दीत रिंगण धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वारकरी झुंबड करतात. तो शांतपणा भीतीतून येत नाही. हळूहळू केलेल्या सवयीतून येतो. तोच घोडा लग्नाच्या वरातीत मात्र उपाशी, काटेरी लगामासह, ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांच्या मध्ये उभा केला जातो, त्याच्या अगदी मागे नाच चालतो, आणि लाथ बसली की दोष त्याच्या माथी येतो. वरातीत घोड्याच्या मागे किमान दहा फूट जागा मोकळी ठेवणे यजमानांना अवघड नाही.

केवळ प्रेमाने सगळे घोडे सुधारतात असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. काही थोडे घोडे खरोखर धोकादायक असतात: तोंड उघडून माणसाच्या अंगावर येणारे, पुढच्या पायांनी मारणारे, खाली पडलेल्यालाही न सोडणारे. अशा घोड्याला घरच्या घरी वळण लावायला जाऊ नये. वळू घोडा असेल आणि पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर त्याचे खच्चीकरण करून घ्यावे. त्याने चावण्याची वृत्ती पुष्कळ कमी होते, मात्र जितक्या लहान वयात केले तितका फरक अधिक, आणि जुनी सवय त्यानंतरही वळण लावूनच घालवावी लागते. त्याउपरही जो सुधारत नाही तो पर्यटकांच्या किंवा मुलांच्या सवारीतून कायमचा बाहेर काढला पाहिजे, मग मालकाचे नुकसान झाले तरी. आणखी एक इशारा द्यायला हवा. एरवी गरीब असलेला घोडा एक-दोन दिवसांत अकारण आक्रमक झाला, अडखळू लागला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा स्वतःचेच अंग चावू लागला, तर ती पिसाळल्याची, म्हणजे रेबीजची, लक्षणे असू शकतात. त्याच्या तोंडात हात न घालता त्याला वेगळे बांधून सरकारी पशुवैद्यकाला तत्काळ बोलवावे.

घोडा चावला असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घोड्याचा चावा चिरत नाही, चिरडतो. वरून कातडी शाबूत दिसली तरी आतला स्नायू दुखावलेला असतो. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून त्या लशीची आणि रेबीजच्या लशीची गरज आहे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. हळद किंवा चुना भरून घरी बसू नये.

खरेदीच्या वेळी आपण काय पाहतो याचाही विचार व्हावा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना जाणकार मंडळी कपाळावरचे आणि मानेवरचे भोवरे बारकाईने पाहतात, शुभ-अशुभ ठरवतात, चाल आणि नाच पाहतात, वयासाठी पुढचे दात पाहतात. तंग आवळताना घोडा काय करतो, चारही पाय उचलू देतो का, चंदी खाताना जवळ गेल्यास कान मागे टाकतो का, हे मात्र क्वचितच कुणी पाहतो. भोवऱ्यावर कुणाचा विश्वास असेल तर असो, पण कुठल्याही भोवऱ्यावरून घोडा चावरा आहे की नाही हे समजत नाही; दहा मिनिटे त्याला हाताळून समजते.

घोडेवाल्यांना मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. माथेरानसारख्या, मोटारगाड्यांना मनाई असलेल्या गावात माणसे आणि सामान यांचा मोठा भार आजवर घोड्यांनीच वाहिला आहे, आणि घोडा हाकणारा पुष्कळदा त्याचा मालकही नसतो. पावसाळ्यात धंदा थंडावलेला, मोसमाच्या मोजक्या दिवसांत वर्षाची कमाई करायची, अशा माणसाला एक दिवस घोडा बसवून ठेवणे परवडत नाही आणि दात घासायला पशुवैद्यक गाठणे तर दूरच. म्हणूनच हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या समजुतीवर सोडून चालणार नाही. माझी पशुसंवर्धन विभागाला आणि संबंधित नगरपरिषदांना विनंती आहे की, घोड्याचा परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना पाठ, तोंड, खूर आणि खोगीर यांची तपासणी सक्तीची करावी, आणि ती विनामूल्य असावी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी प्रत्येक अश्वतळावर दाढा घासण्याचे आणि खोगिरांचा भरणा दुरुस्त करण्याचे शिबिर घ्यावे. नालबंद आणि तरुण चालक यांना वर सांगितलेल्या हाताळणीचे दोन दिवसांचे प्रात्यक्षिक तिथेच द्यावे. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची अश्वारोहण क्षेत्रातली रीत आपल्या पर्यटनस्थळांवरही आणावी आणि तिचा अर्थ सांगणारे मराठी, हिंदी व गुजराती फलक तळावर लावावेत. हातावर खाऊ भरवू नका, मागून जवळ येऊ नका, दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढे अंतर ठेवा, या तीन सूचना त्याच फलकावर मावतील. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीला अजून अवधी आहे; तेवढ्यात निदान एका ठिकाणी असे शिबिर सुरू झाले तर त्यासाठी विनामोबदला वेळ द्यायला माझ्यासारखे निवृत्त पशुवैद्यक नक्की पुढे येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
जिल्हा सातारा